रूबे की सेंत-एतिएन?

उद्योग गेलेल्या फ्रेंच शहरात स्वस्तात राहायचं, तर ही दोन नावं हमखास पुढे येतात.

रूबे बेल्जियमच्या सीमेलगत. कापडगिरण्या बंद पडल्या आणि आज दर दहा रहिवाशांत चारांहून अधिक जण दारिद्र्यरेषेखाली आहेत. गिरणगाव पाहिलेल्यांना यातली वेदना वेगळी सांगायला नको. २०१८ मध्ये नगरपालिकेने काही पडीक घरं १ युरोला देऊ केली, पण दुरुस्ती स्वखर्चाने करून तिथेच राहायची अट होती. खरा पैसा त्या दुरुस्तीतच जातो. मोठी सोय म्हणजे लील शहर मेट्रोने जोडलेलं आहे. जुन्या जलतरण तलावातलं ला पिसीन संग्रहालयही फार देखणं आहे.

सेंत-एतिएनची कुरिओ कोळसा खाण १९७३ मध्ये थांबली, बंदुका आणि सायकली बनवणारा मान्युफ्रान्स कारखाना १९८५ मध्ये. तरी विद्यापीठ, मोठं रुग्णालय आणि १८८१ पासूनची ट्राम टिकून आहे. ल्यों शहर रेल्वेने साधारण पाऊण तासावर, आणि घरभाडं तिथल्यापेक्षा बरंच कमी.

लीलमध्ये नोकरी पक्की असेल तरच रूबे. मुलांसह राहायचं किंवा शिकायचं असेल तर मी सेंत-एतिएनच सुचवेन. दोन्हीकडे घराची ऊर्जाश्रेणी (घराला किती ऊर्जा लागते ते सांगणारी श्रेणी) आधी तपासा: जुन्या इमारतींत हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल स्वस्त भाड्याची बचत खाऊन टाकतं.