संधिवात रिसर्च सेंटर: पाच स्टार कोऑर्डिनेटरला, सेंटरला तीन

आईला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, दोन वर्षं झाली एका विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या संधिवात रिसर्च सेंटरला जातोय, तिथल्या स्टडीत नाव घातलंय तिचं. सेंटरचं नाव टाकत नाही कारण पुढे तक्रार पण आहे.

डॉक्टर चांगलेच आहेत, पण सगळा गाडा ओढायच्या त्या कोऑर्डिनेटर मॅडम. पहिल्याच दिवशी विचारलं, काकू सकाळी बोटं किती वेळ आखडतात? आई म्हणाली दीड तास तरी, की लगेच आठची वेळ साडेअकरा करून टाकली, आणि दर व्हिजिटला तीच ठेवली, म्हणे एकदा सकाळी तपासलं आणि एकदा दुपारी तर आकडे जुळायचे कसे. मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर मार्करने ठसठशीत 'रविवार' लिहून दिलं आणि पहिले दोन महिने दर सोमवारी फोन, काकू काल घेतली ना?

स्टडीत २८ सांधे दाबून बघतात, खांदे कोपरं मनगटं बोटं गुडघे. पाऊल आणि घोटा त्यात नाहीच! आणि आईचं खरं दुखणं तळपायाला. ती चिडली, अहो जे दुखतंय ते मोजतच नाही तुम्ही. मॅडमनी हसण्यावारी नेलं नाही, फाइलमध्ये वेगळं लिहिलं आणि डॉक्टरांना बोलावून पाय दाखवला.

संमतीपत्राचं मराठी मात्र अगदी जीआरसारखं, 'सदर अभ्यासातील सहभाग ऐच्छिक असून' वगैरे. तेही त्यांनीच तासभर बसून घरच्या भाषेत सांगितलं, की कधीही सोडा, ट्रीटमेंट थांबणार नाही.

पुणे जिल्ह्यात भिगवणला १९९६ साली डब्ल्यूएचओच्या कॉपकॉर्ड प्रोग्रॅममध्ये घरोघरी जाऊन सांधेदुखीचा सर्व्हे झाला होता, तिथेही दारोदार फिरायला ट्रेनिंग दिलेले व्हॉलंटियर होतेच. म्हणजे असल्या माणसांशिवाय रिसर्च हलत नाही हे काय नवीन नाही.

आता तक्रार. प्रवासभाडं चार महिन्यांनी मिळालं, ते एक वेळ ठीक. पण प्रोजेक्टचा फंड संपला, मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दोन महिने त्या खुर्चीत कोणीच नाही. फोन वाजत राहायचा, फाइल सापडेना, एकच ब्लड टेस्ट आठवड्यात दोनदा केली. लाखांची मशीनं आहेत तिथे, आणि जिच्या जिवावर पेशंट टिकतात तिला वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट.

आता नवीन मुलगा आलाय. गोड बोलतो, शिकतोय. परवा त्याने आठची वेळ दिली. आईच म्हणाली, बाळा, आठ वाजता माझी मूठ वळत नाही, तुझ्या कागदावर सही कशी करू?