कंबरदुखीच्या 'पॅकेज'पासून सांभाळा, माझे ८८,८५९ रुपये गेलेत आणि हप्ते अजून चालू आहेत

हे लिहायला चार महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. दिवसभर दुसऱ्यांची बिलं तपासणारी मुलगी स्वतःच्या पैशांच्या बाबतीत अशी कशी फसली, हे घरात ऐकून झालंय. तरी लिहितेय, कारण परवा तीच जाहिरात नव्या नावाने पुन्हा दिसली. तोच मणक्याचा फोटो, 'ऑपरेशनशिवाय कायमचा आराम' हीच ओळ आणि तपासणीची तीच ४९९ रुपयांची ऑफर.

माझं वय २७. कंबर दुखायला लागून तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ज्याला त्याला वाटायचं की खुर्चीमुळे होतंय, नाहीतर स्कूटरमुळे. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला, म्हणाले, एल-४ एल-५ला थोडा बल्ज आहे (म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली), घाबरू नकोस, व्यायाम कर. दोन मिनिटांत बाहेर. इकडे मला रात्री तीन-साडेतीनला दुखून जाग यायची. सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागायची, केस विंचरायलाही वाकता यायचं नाही. दीड वर्ष ज्याला धड झोप नाही, तो माणूस अशा जाहिरातीवर बोट ठेवतोच. ते मी मूर्खपणाने केलं असं मला आजही वाटत नाही.

चूक झाली ती त्यानंतर.

ऑफिस सुटल्यावर त्या क्लिनिकमध्ये एकटीच गेले. एसी, निळ्या खुर्च्या, भिंतीवर प्रमाणपत्रांच्या फ्रेम. रिसेप्शनला एक फॉर्म भरून घेतला, त्यात 'आधीचे निदान' असा रकाना होता. मी लिहिलं, एल-४ एल-५ बल्ज. आत पांढऱ्या कोटातला माणूस. कोटावर नाव नाही, टेबलावर पाटी नाही. त्याने कमरेवर अंगठ्याने दोन ठिकाणी दाबलं, प्लॅस्टिकचा मणका हातात घेतला आणि म्हणाला, "एल-४ एल-५ गेलाय. सहा महिन्यांत पायावर जाईल." मला वाटलं, किती अचूक सांगितलं! अहो, मीच फॉर्मवर लिहून दिलं होतं ते.

मग शेजारच्या खोलीत काउन्सेलर मॅडम. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "लग्न व्हायचंय ना अजून? असा मणका घेऊन बाळंतपण झेपणार आहे का?" हे वाक्य त्या प्रत्येक मुलीला म्हणत असणार. तुमच्या आजारावर बोलायचं सोडून कुणी तुमच्या लग्नावर आलं, की पर्स बंद करून उठा. मी उठले नाही. मला रडू आलं.

पॅकेज १,४५,००० चं, 'आजच घेतलंत तर' ९६,०००. चाळीस सिटिंग. १२,००० यूपीआयने तिथेच भरले. उरलेल्या ८४,००० साठी 'नो कॉस्ट ईएमआय', महिन्याला ७,००० प्रमाणे बारा हप्ते. "फोन द्या, मी भरते, तुम्ही पाणी प्या," म्हणत मॅडमनी माझा फोन घेतला आणि ओटीपी स्वतःच टाकला. ईएमआय म्हणजे कर्ज, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण ते माझ्या नावावर भलत्याच कंपनीकडून निघालंय, पैसे थेट क्लिनिकच्या खात्यात गेलेत आणि प्रोसेसिंग फी म्हणून १,७७० वेगळे कापलेत, हे बसमध्ये मेसेज वाचल्यावर कळलं. फोन दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आजारपणात तर नाहीच नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही अंगाची आग होते. एमआरआयचा लिफाफा दुमडू नये म्हणून आईने तो पुठ्ठ्यात घालून नाडीने बांधून दिला होता. आईची गाठ मी कुठेही ओळखेन. दोन वेढे आणि टोकं आत खोचलेली. रात्री घरी येऊन लिफाफा कपाटात ठेवायला घेतला, तर गाठ तशीच. खोचलेली टोकंसुद्धा हललेली नव्हती. ज्या एमआरआयवरून ९६,००० चे उपचार ठरले, तो कुणी उघडलाच नव्हता. मी ती गाठ हातात धरून उभी होते. दिसत होतं. आणि मनाला काय समजावलं? इतका अनुभवी माणूस, त्याला हाताने कळत असेल. शिवाय पैसे भरून झाले होते, बाबांना काय सांगणार होते? म्हणून मी लिफाफा ठेवला आणि कपाट बंद केलं. त्याच रात्री थांबवता आलं असतं. मोबाइलवरून घेतलेल्या अशा कर्जात सुरुवातीच्या काही दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेर पडता येतं, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. किती दिवस, ते कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मी ते पत्रक उघडलं पाचव्या महिन्यात.

सतरा सिटिंग झाल्या. पट्टे बांधून कंबर ताणणारं मशीन, वीस मिनिटं. वर ३,८०० चा बेल्ट, 'बारा तास लावा, व्यायाम बंद, जास्तीत जास्त पडून राहा'. वर पावडरचे तीन डबे, २,४०० ला एक, म्हणजे ७,२००. दुखणं वाढलं. मग मशीन बिघडलं, मग स्टाफ सुट्टीवर, मग एका सोमवारी शटर बंद. पंधरा दिवसांत तिथे मोबाइल कव्हरचं दुकान. माझ्या २३ सिटिंग उरल्या होत्या, ५५,२०० रुपयांच्या.

पोलीस चौकीत गेले. "डॉक्टरचं आहे, कौन्सिलकडे जा." डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या त्या मेडिकल कौन्सिलने नाव शोधलं आणि सांगितलं, हा माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाही. महापालिकेत म्हणाले, जागा बंद आहे, आता तपासणी कसली करणार? कर्ज देणारी कंपनी म्हणते, सेवा मिळाली की नाही याच्याशी आमचा संबंध नाही. एका महिन्याचा हप्ता मी मुद्दाम अडवला तर ५९० रुपये दंड, आणि वसुलीवाल्याचा फोन थेट बाबांना. पुन्हा चौकीत. "मॅडम, सही तुमची, ओटीपी तुमचा. सिव्हिल मॅटर आहे." अर्जावर शिक्का मारून पोच द्यायलाही तयार नव्हते, मी तासभर बाकावरून हलले नाही तेव्हा मिळाली. सहा खेटे, चार हाफ डे. नोंदणी नसताना डॉक्टर म्हणून बसला हाच त्याचा गुन्हा, आणि नोंदणी नाही म्हणूनच त्याला हात लावायला कुणी तयार नाही! मग आम्ही जायचं कुठे? प्रत्येक टेबलावर माझ्याचकडे असं बघितलं गेलं, जणू चोरी मी केली.

पावतीही नीट वाचा. माझ्या पावतीवर 'उपचार' हा शब्दच नाही. 'वेलनेस प्रोग्राम, नॉन-रिफंडेबल' असं आहे.

यातलं पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच. मावसभावाने हट्टाने संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, "सकाळी कंबर किती वेळ आखडलेली असते?" दुसरा, "पडून राहिल्यावर बरं वाटतं की हिंडल्या-फिरल्यावर?" दीड-दोन वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं. तासभर आखडते, आणि चाललं की सुटते. एचएलए-बी२७ ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, कमरेच्या खाली मणका आणि ओटीपोटाची हाडं जुळतात तिथल्या दोन्ही बाजूंच्या सांध्यांचा एमआरआय केला तर तिथे सूज. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. तरुणपणीच सुरू होणारा संधिवात, ज्यात व्यायाम हाच अर्धा उपचार असतो आणि पडून राहिल्याने आखडणं वाढतं. मला पाच महिने झोपवून ठेवलं त्या लोकांनी. बल्जचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, विशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या दहातल्या तिघांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो. आज सूज कमी करणारी गोळी आणि रोज चाळीस मिनिटांचा व्यायाम. रात्रीची जाग जवळपास थांबली आहे.

तीन महिन्यांपेक्षा जास्त दुखत असेल, पहाटे जाग येत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना एकदा दाखवाच. आणि पाय लुळा पडला, लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. जाहिरातीतल्या नंबरावर फोन करत बसू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. आधी १९१५ वर फोन करून नोंद करून घ्या. कर्जाच्या कंपनीला लेखी तक्रार द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट अर्ज करता येतो. माझा तिथे गेलाय.

नऊ हप्ते भरून झाले, तीन उरलेत, म्हणजे २१,०००. त्या निळ्या खुर्च्यांवर माझ्या आजूबाजूला रोज सात-आठ जण असायचे, एक तर कॉलेजातला मुलगा होता, वडिलांना घेऊन यायचा. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर पावती, हप्त्यांचे मेसेज आणि सिटिंगचं कार्ड फेकू नका. एकाच प्रकरणातले बरेच ग्राहक मिळून एक तक्रार करू शकतात. मला संपर्क करा, मी सगळे कागद घेऊन यायला तयार आहे.