लिनक्स मिंट 22 : बरेच महिने रोज वापरल्यावर

लिनक्स मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या 21.3 या आवृत्तीवरून मी 22 वर आले त्याला आता बरेच महिने झाले, मधे 22.1 आलं तेही टाकून झालं, त्यामुळे आता नीट सांगता येईल असं वाटतं. पहिल्या आठवड्यात लिहिलेल्या रिव्ह्यूंवर माझा फारसा भरवसा नाही, तेव्हा सगळंच छान दिसतं, खरं काय ते दिवसभर काम घेऊन बसल्यावरच कळतं.

माझं काम मराठी पुस्तकांचं प्रूफ आणि मांडणी, म्हणजे लिबरऑफिस, पीडीएफ, मेल आणि ब्राउझर एवढंच, आणि संध्याकाळी याच डेस्कटॉपवर जाऊबाई दहावीच्या मुलांचे ऑनलाइन क्लास घेतात. मशीन जुनं आहे, चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम आणि नंतर बसवलेली एसएसडी. विंडोज 11 ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे तो प्रश्नच नव्हता, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मिंटला 2 जीबी रॅम चालते, 4 असेल तर आरामात. हे मुद्दाम सांगते कारण ओळखीतली कितीतरी जणं चालू स्थितीतलं मशीन भंगारात द्यायला निघालेत आणि मला ते बघवत नाही.

आता अपग्रेडबद्दल. 22 ते 22.1 सोपं आहे, अपडेट मॅनेजरच्या एडिट मेन्यूत पर्याय येतो, क्लिक करायचं आणि चहा घेऊन यायचं. पण 21.3 ते 22 हे मोठं काम आहे कारण मिंट ज्या उबंटू नावाच्या लिनक्सवर उभं आहे तो खालचा सगळा पाया 22.04 वरून 24.04 वर जातो. त्यासाठी मिंटअपग्रेड नावाचं वेगळं टूल टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, टाकावं लागतं, पुढे ते स्वतःची विंडो उघडून एकेक टप्पा दाखवतं. मला आवडलं ते असं की टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आत्ताची प्रत, घेतलेला नसेल तर ते पुढेच जात नाही, म्हणजे काही बिघडलंच तर मागे यायची वाट आधी तयार, मगच हात लावणार. बाहेरून टाकलेल्या पॅकेजेसची यादीही दाखवतं, ती यादी वाचा, नुसतं ओके करू नका. आमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेतलेला होता, तो गेला आणि परत टाकावा लागला, बाकी फाइली, सेटिंग, फाँट सगळं जागच्या जागी.

सगळ्यात मोठा फरक आवाजात पडलाय. 22 मध्ये आवाज सांभाळणाऱ्या जुन्या पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आलंय. नाव लक्षात ठेवायची गरज नाही पण क्लासमध्ये काय होतं ते ऐका. आधी जाऊबाईंनी ब्लूटूथ हेडसेट लावला की त्यांना मुलांचा आवाज यायचा पण त्यांचा मुलांना जायचा नाही, मग साउंड सेटिंगमध्ये जाऊन हेडसेटचा प्रोफाइल हाताने बदलायचा, तोपर्यंत तिकडून "टीचर आवाज येत नाहीये" सुरू, आणि क्लास संपल्यावर गाणं लावलं तर ते फोनवर ऐकल्यासारखं बारीक, कारण प्रोफाइल परत बदलायचा राहून गेलेला. आता ब्राउझरने माइक मागितला की हेडसेट आपोआप कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि कॉल संपला की परत येतो. कॉल चालू असताना आवाजाचा दर्जा थोडा उतरतोच, ती ब्लूटूथची मर्यादा आहे, पण रोजची झटापट संपली. या एका गोष्टीसाठी सुद्धा मी अपग्रेड केलं असतं.

22.1 मध्ये सिनॅमन 6.4 आलं, म्हणजे मिंटच्या डेस्कटॉपची (मेन्यू, खिडक्या, पॅनेल) नवी आवृत्ती, त्यात नाइट लाइट आतच आहे. आधी त्यासाठी रेडशिफ्ट नावाचा प्रोग्रॅम वेगळा चालवायला लागायचा. रात्री प्रूफं वाचताना पांढरं पान डोळ्यांत घुसायचं, आता सूर्यास्तानंतर स्क्रीन आपली आपण पिवळसर होते. फक्त पुस्तकाच्या कव्हरचे रंग तपासताना ते बंद करा, नाहीतर रंग चुकीचे दिसणार. याच आवृत्तीत सिनॅमनची मूळ थीम थोडी गडद आणि गोल कोपऱ्यांची केलीय, पासवर्ड विचारणाऱ्या खिडक्याही नीटनेटक्या झाल्यात.

सॉफ्टवेअर मॅनेजर आता झटकन उघडतो, आधी उघडायलाच वेळ लागायचा. फ्लॅटपॅक, म्हणजे कुठल्याही लिनक्सवर चालणारी ॲप्स, त्यांत ज्या ॲपच्या मागे कोण आहे याची खात्री झालेली नाही ती ॲप्स 22 पासून मुळात दाखवतच नाहीत. कोणी म्हणेल एवढं कशाला, पण घरात चार जणं एकच मशीन वापरतात तिथे हे बरंच आहे, हवंच असेल तर सेटिंगमध्ये टिक करून दिसतात. आणि थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्रॅम उबंटूने स्नॅप या आपल्या वेगळ्या पॅकेज प्रकारात नेला तरी मिंटने नेहमीचं साधं डेब पॅकेजच ठेवलंय. मेल माझ्या कामाचा कणा आहे, तो जसा होता तसा राहिला याचा मला खरंच आनंद आहे.

मराठीचं सांगायचं तर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच मिळतो, काही डाउनलोड नाही. रोमनमध्ये टाइप करून देवनागरी हवं असेल तर आयबस हा टायपिंगचा प्रोग्रॅम आणि त्याचं एम17एन पॅकेज टाका. नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, 22 मध्ये शेवटी इंग्रजी आणि तुम्ही निवडलेली भाषा सोडून बाकीच्या भाषांची पॅकेजेस जागा वाचवायला काढली जातात, तेव्हा इन्स्टॉल इंग्रजीत केलं आणि मेन्यू मराठीत हवेत तर नंतर लँग्वेजेसमध्ये जाऊन मराठी टाकायची. लिबरऑफिस 24.2 मिळतं, त्यात ऑटोरिकव्हरी, म्हणजे मधेच बंद पडलं तर फाइल परत मिळायची सोय, सुरुवातीपासूनच चालू असते. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल नेम नाही, त्यामुळे तीनशे पानांची फाइल उघडी असताना जीव टांगणीला लागत नाही, तरी कंट्रोल एस ची सवय सोडू नका.

वेलँड, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायची नवी पद्धत, तिचं सेशन लॉगिनच्या वेळी निवडता येतं पण सिनॅमनमध्ये ते प्रायोगिक आहे असं मिंटवाल्यांनीच सांगितलंय. माझ्यासारखं ज्यांना सारखं मराठी-इंग्रजी लेआउट बदलावं लागतं त्यांनी नेहमीच्या सेशनवरच राहावं. टॅली किंवा फोटोशॉप थेट चालत नाही, ज्यांचं पोट त्यावर आहे त्यांनी फक्त माझं वाचून उडी मारू नये. छापखान्याकडून येणाऱ्या जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधल्या फाइली इथेही तशाच त्रास देतात, अपग्रेडने त्यात काही बदल होत नाही.

21 वर असाल आणि कामाच्या ऐन गर्दीत असाल तर घाई नको, त्याला 2027 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, 22 ला 2029 पर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत, पूर्ण बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेऊन, दुपारभराचा वेळ काढून करा. टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं, तुमच्या फाइली तो मुळात घेत नाही, तेव्हा फोटो आणि कागदपत्रं स्वतः कॉपी करून ठेवायची.