गिनीपिगच्या अंडाशयात गाठी: थांबायचं, इंजेक्शन द्यायचं, पाणी काढायचं की ऑपरेशन?

गिनीपिगची मादी दोन वर्षांच्या पुढे गेली की तिच्या अंडाशयात पाण्याच्या गाठी सापडणं ही अपवादाची गोष्ट राहत नाही. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. मोठ्या वयाच्या माद्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना त्या असतात. अनेकींचं आयुष्य त्या गाठींसकट निघून जातं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो दोन्ही कुशी फुगलेल्या दिसल्या किंवा अंगावरचे केस जायला लागले म्हणजे. मग डॉक्टर चार वाटा सांगतात: लक्ष ठेवून थांबा, हार्मोनची इंजेक्शनं द्या, सुईने पाणी काढा, नाहीतर ऑपरेशन करून अंडाशयच काढून टाका.

माझं मत आधीच सांगते. मादी चार वर्षांच्या आतली असेल, नीट खात असेल आणि गिनीपिगला भूल देण्यात हात बसलेला डॉक्टर मिळत असेल, तर ऑपरेशन. तीन अटींपैकी शेवटची सगळ्यांत जड. ती पुरी होत नसेल तर चांगली पद्धत कच्च्या हातात देण्यापेक्षा कमी चांगली पद्धत पक्क्या हातात द्यावी.

पण मुळात गाठच आहे का?

केस गेले म्हणजे गाठ, असं नाही. गाठीमुळे जाणारे केस दोन्ही कुशींवर आणि पोटाखाली सारखे विरळ होत जातात. मादीला हातावर घेतलं की तळव्याला केस चिकटून येतात, पण खालची कातडी स्वच्छ, गुळगुळीत असते आणि ती खाजवत नाही. खाजवून खाजवून जखमा, कोंडा, हात लावताच किंचाळणं, असं असेल तर ती खरूज समजा. गिनीपिगची खरूज इतकी त्रासदायक असते की काहींना झटके येतात. तिचं औषध वेगळं आहे आणि ते वजनावरच ठरवावं लागतं.

दुसरी खूण आचळांची. गिनीपिगला आचळं दोनच, मागच्या पायांच्या मध्ये. गाठीतून हार्मोन सुटत असेल तर ती जाड होतात आणि त्यांवर काळपट, मेणचट खपली धरते. तिसरी खूण वागण्याची: गुरगुरत, कंबर डोलवत सोबतिणीवर चढणं. हे एरवीही दिसतं, कारण मादी साधारण १५ ते १७ दिवसांनी माजावर येते आणि त्या वेळी असला दंगा करतेच. तो रोजचाच झाला, शांत मादी अचानक चावरी झाली, तर मात्र शंका घ्यावी.

पोट फुगलेलं असेल तर गाभण आहे का, हेही बघावं लागतं. 'दोन्ही माद्याच आहेत' म्हणून दुकानातून आणलेल्या जोडीत एक नर निघणं ही गिनीपिग पाळणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, तेव्हा नर दोन महिन्यांपूर्वी वेगळा केला होता एवढ्यावर निश्चिंत राहू नका. आणि पोट ढोलासारखं ताठ झालं असेल, खाणं बंद असेल, लेंड्या पडत नसतील, तर गाठीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तो गॅस असू शकतो, आणि त्याला दुसऱ्या दिवसाची सवड नसते.

याचा निकाल सोनोग्राफीने लागतो. त्यासाठी भूल लागत नाही; टॉवेलात धरून, पोटावरचे थोडे केस काढून, काही मिनिटांत होते. पाण्याने भरलेली गाठ, भरीव गाठ आणि गर्भाशयातला बिघाड हे तिच्यात बरंचसं कळतं. लघवीच्या जागी रक्त दिसत असेल तर एक्स-रेही काढायला सांगा. मूतखडा असेल तर तो एक्स-रेत सापडतो, आणि खडा नसेल तर रक्त गर्भाशयातून येत असण्याची शक्यता वाढते. अंडाशयात गाठी असलेल्या माद्यांच्या गर्भाशयात अनेकदा मांसल गाठी किंवा अस्तराची वाढ असते. ऑपरेशन कोणत्या बाजूने करायचं हे त्यावर अवलंबून आहे, त्याचं पुढे बोलू.

गाठ कोणत्या जातीची, यावर बरंच अडतं

गाठींच्या मुख्य जाती दोन. एक नुसत्या पाण्याची, जी हार्मोन सोडत नाही. गिनीपिगमध्ये हीच जास्त आढळते. ती वाढते, जागा अडवते, आतड्यांवर आणि पोटावर दाब आणते. वाढून सहा-सात सेंटिमीटरचीही होऊ शकते, आणि किलोभर वजनाच्या जिवात हे किती, याची कल्पना करा. दुसरी जात बीजकोशाची, म्हणजे स्त्रीबीज ज्यात पिकतं तो कोश फुटायचा सोडून फुगत राहतो. ती हार्मोन सोडते. केस जाणं, खपलीची आचळं, चावरेपणा हे मुख्यतः तिचं काम. एकाच मादीत दोन्ही जाती एकत्र सापडतात, आणि सोनोग्राफीवरून जात खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधतात. तो अंदाज काय आहे, हे त्यांना स्पष्ट विचारा. इंजेक्शनांचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

सर्वांना आधी इंजेक्शन आवडतं. भूल नाही, टाके नाहीत, संध्याकाळी मादी घरी. यात दोन प्रकार वापरात आहेत. एक एचसीजी, म्हणजे वंध्यत्वाच्या उपचारात बायकांना देतात तेच हार्मोन. ते साधारण आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा देतात. दुसरं जीएनआरएच गटातलं, म्हणजे अंडाशय चालवणाऱ्या मेंदूतल्या हार्मोनसारखं औषध, ते बहुधा दोन आठवड्यांच्या अंतराने. बीजकोशाची गाठ असेल तर या इंजेक्शनांनी ती आकसते, केस परत येतात, स्वभाव निवळतो. पण अंडाशय जागेवरच असतं, त्यामुळे काही महिन्यांनी सगळं पुन्हा सुरू होऊ शकतं. एचसीजी माणसाच्या शरीरातलं प्रथिन असल्याने वारंवार दिलं तर गिनीपिगचं शरीर त्याच्याविरुद्ध उभं राहतं. मग गुण कमी येतो आणि ॲलर्जीचा धोका वाढतो.

नुसत्या पाण्याच्या गाठीवर मात्र इंजेक्शनाचा उपयोग नाही. ती हार्मोनचं ऐकत नाही. डेस्लोरेलिन या जीएनआरएच गटातल्याच औषधाचं इम्प्लांट, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी बारीक कांडी, कातडीखाली बसवून पाहिलं गेलं आहे. त्यानेही पाण्याच्या गाठींचा आकार कमी झाला नाही. तेव्हा केस शाबूत आहेत, आचळं साफ आहेत, फक्त कुशी फुगल्यात, आणि तरी कुणी इंजेक्शनांचा कोर्स सुचवत असेल, तर 'ही हार्मोन सोडणारी गाठ आहे असं कशावरून?' एवढं विचारायला संकोचू नका.

ऑपरेशन दोन्ही जातींवर चालतं आणि प्रश्न कायमचा मिटवतं. करण्याच्या तऱ्हा दोन. कुशीतून करतात तेव्हा पाठीच्या बाजूला दोन लहान छेद देऊन दोन्ही अंडाशयं काढतात. गाठ मोठी असेल तर आधी तिच्यातलं पाणी ओढून ती लहान करून घेतात. यात आतड्यांना हात कमी लागतो, वेळ कमी जातो आणि मादी लवकर खायला लागते. गर्भाशय मात्र आतच राहतं. पोटाच्या मधून केलं तर गर्भाशयही काढता येतं, पण गिनीपिगचं मोठं आतडं आडवं येतं, अंडाशयाचे बंध आखूड असल्याने ते वर ओढून घेणं अवघड जातं, आणि टाके नेमके अंथरुणावर घासतात. म्हणून माझा कल असा: गर्भाशय सोनोग्राफीत साफ असेल आणि रक्त जात नसेल तर कुशीतून, रक्त जात असेल तर पोटातून, कारण तिथे अर्धं काम करून उपयोग नाही.

ऑपरेशनमध्ये गिनीपिग दगावते ती बहुतेकदा सुरीने नाही. भुलेत अंग गार पडतं, तोंडात राहिलेला चारा श्वासात जातो, किंवा नंतर दुखतंय म्हणून ती खात नाही आणि आतडी थांबतात. या तिन्ही गोष्टी तयारीने टाळता येतात, म्हणून डॉक्टर निवडताना मी तयारीचेच प्रश्न विचारते. 'आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू का?' याला 'हो' उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं. तो कुत्र्या-मांजरांचा नियम. गिनीपिगला उलटी होत नाही आणि रिकामं पोट तिला मानवत नाही. फार तर थोडे तास चारा काढतात आणि भुलेआधी तोंड साफ करतात. दुसरा प्रश्न: 'नंतर अँटिबायोटिक कोणतं?' अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं तर गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ती त्याने जाऊ शकते. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा हे उत्तर ऐकलं की जीव भांड्यात पडतो. तिसरा: 'गिनीपिगच्या मादीची ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः केली आहे का?' सशाचा अनुभव उपयोगी आहे, पण पुरेसा नाही.

पुण्या-मुंबईत असे हात सापडतात. तालुक्याच्या गावी असाल तर परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, इथल्या शस्त्रक्रिया विभागात फोन करून हेच तीन प्रश्न विचारा. उन्हाळ्यात नेणार असाल तर पहाटे निघा. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या वर गिनीपिगला उकाडा बाधतो, आणि मे महिन्यात दुपारी सिग्नलला उभी असलेली गाडी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

खर्चाचं म्हणाल तर डॉक्टरागणिक इतका फरक असतो की आकडा सांगण्यात अर्थ नाही. फक्त तुलना करताना एका ऑपरेशनशेजारी एक इंजेक्शन ठेवू नका. पुढच्या दीड-दोन वर्षांतली इंजेक्शनं आणि दर वेळची सोनोग्राफी ठेवा. 'एवढ्या पैशांत चार नवीन येतील' म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं, त्यांना चहा द्यावा.

सुईने पाणी काढणं

हा उपाय नव्हे, उसंत आहे. सोनोग्राफीत बघत सुई घालून पाणी ओढलं की पोट लगेच हलकं होतं आणि मादी तासाभरात चाऱ्याकडे वळू शकते. पण गाठ पुन्हा भरते. कधी आत बरेच कप्पे असतात आणि एकातलंच पाणी निघतं. पाणी पोटात गळण्याचा धोका असतो, आणि ती साधी गाठ नसून ट्यूमर असेल तर सुईने तो पसरण्याचाही. मादी फार म्हातारी आहे, भूल सोसणार नाही, आणि गाठीच्या दाबाने खाणं कमी झालंय, एवढ्या एका परिस्थितीत मी याला होकार देईन. ऑपरेशनआधी तब्येत सावरायला वेळ हवा असेल तर तेवढ्यापुरतंही चालेल.

थांबायचं असेल तर

लहान गाठ, केस जागेवर, खाणं-लेंड्या ठीक आणि वय पाच वर्षांपुढे, अशा मादीला काही न करणं हा पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे. मात्र थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर खोलगट भांडं ठेवा, शून्य करा, मादीला आत बसवा. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी. आठवड्यात पन्नास ग्रॅमच्या वर घट झाली तर डॉक्टरांना कळवा. यात एक फसगत आहे: गाठीतल्या पाण्याला वजन असतं. मादी आतून वाळत असते आणि काटा मात्र तोच आकडा दाखवतो. म्हणून वजन करताना पाठीच्या कण्यावरून बोट फिरवा. मणके मागच्या महिन्यापेक्षा टोकदार लागत असतील तर काट्यावर विश्वास ठेवू नका. तीन-चार महिन्यांनी सोनोग्राफी करून मापं ताडून बघा.

घरात पोट दाबून गाठ चाचपत बसू नका, ती फुटू शकते. कुठल्याही पाल्याने, काढ्याने किंवा साखरेच्या गोळ्यांनी गाठ विरघळत नाही. आहार नेहमीचाच: भरपूर गवत, कोथिंबीर, आणि व्हिटॅमिन सी, जे गिनीपिगचं शरीर स्वतः बनवत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं; ढोबळी मिरचीच्या एक-दोन फोडी आणि हिरवा पाला रोज असेल तर निरोगी मादीचं भागतं. आजारपणात किंवा ऑपरेशननंतर डॉक्टर थेंब वाढवून देतात.

ऑपरेशन ठरलंच तर

सोबतीण असेल तर तिलाही दवाखान्यात न्या; भुलेतून उठताना ओळखीचा वास शेजारी असला की खाणं लवकर सुरू होतं. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस तुमचे आहेत. आजारी गिनीपिगसाठी मिळणारी चाऱ्याची पूड कोमट पाण्यात कालवून, दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, सिरिंजने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवायची. घाई केली तर श्वासनलिकेत जाते. पूड आधीच मागवून ठेवा, ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. दुखणं थांबवायला डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध देतील. ती बरी दिसतेय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका, दुखत असताना ती खात नाही. लाकडाचा भुसा काढून स्वच्छ सुती कापड अंथरा, म्हणजे टाके धरून राहतात. उचलताना एक हात छातीखाली आणि एक पुठ्ठ्याखाली, कुशींवर दाब नको. लेंड्या मोजून ठेवा: आधी लहान आणि कोरड्या येतील, मग आकार परत येतो. बारा तासांत एकही पडली नाही तर सकाळची वाट न बघता फोन करा. सोबतिणीवर चढणं काही आठवड्यांत निवळतं. कुशींवरचे केस भरून यायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.