फत्तेपूर सिक्रीची गाइड-फेरी: साडेतीन तारे

दारातच गाइड मागे लागतात. आम्ही ओळखपत्र बघून एकाला घेतलं. माणूस तयारीचा निघाला. दिवाण-ए-खासच्या त्या नक्षीदार खांबाशी उभं करून त्यानं अकबराचं धोरण सांगितलं: १५६३ मध्ये यात्राकर उठवला, १५६४ मध्ये बिगर-मुस्लिमांवरचा जिझिया कर, आणि १५७५ मध्ये इबादतखाना उभा केला. तिथे मौलवी, ब्राह्मण, जैन, पारशी वाद घालत. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्रीही आले. गोव्याचं नाव निघताच आमचे हे, मूळचे म्हापशाचे, एकदम जागे झाले! बुलंद दरवाजावर फारसीत कोरलेलं येशूचं वचनही त्यानं आवर्जून दाखवलं.

तक्रार अशी, की जोधाबाईच्या सुरस कथांत फार वेळ गेला आणि जहांगीर-शाहजहान गायबच. औरंगजेब एका वाक्यात गुंडाळला. १६७९ मध्ये त्यानं जिझिया परत बसवला खरा, पण त्याच्याकडे राजपूत आणि मराठे मनसबदारही होते, हे शेवटी मीच नातवाला सांगितलं. (इतिहास शिकवायची सवय जात नाही.)

चादरीच्या दुकानात न्यायचा आग्रह होतो. सरळ नाही म्हणा. दर्ग्याच्या आवारात अनवाणी चालावं लागतं, उन्हाळ्यात मोजे न्याच.