पुढचे पाटे: जुन्यात एक वाढवायचा की सरळ हेवी सेट टाकायचा?

जुन्या पेट्रोल जीपवर बनवलेल्या पिकअपला डिझेल इंजिन बसवलं की वर्षा-दोन वर्षांत नाक खाली बसतंच, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या गाडीत आधी २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन होतं, मग प्यूजोवालं २११२ सीसीचं डिझेल आलं. सीसी कमी पण लोखंड जास्त, त्यामुळं पुढचे पाटे (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) पार सरळ झाले आणि पसरणी घाटात जरा खड्डा लागला की अ‍ॅक्सल वरच्या रबरावर धाडकन आपटायचा.

मी आधी हेवी सेट, म्हणजे जाड पाट्यांचा जोड, टाकला. सगळे म्हणाले एकदाच खर्च कर आणि मोकळा हो. पहिल्या दिवशी खूष होतो राव, गाडी अशी ताठ उभी की शेजारचे येऊन बघून गेले, आणि हळदीची पोती भरून घाट उतरताना ब्रेक मारला तरी नाक दबत नव्हतं. एवढं खरं, भरलेल्या गाडीला तो सेट चांगलाच होता.

पण सांगलीला हळद टाकून रिकामं परत यायचं असतं ना. कराडच्या पुढं हायवेला पन्नास-पंचावन्नच्या स्पीडला पुलाचा जॉइंट आला की स्टिअरिंग हातातून हिसका मारून डावीकडं ओढायचं, प्रत्येक जॉइंटला, दरवेळी डावीकडंच. आधी वाटलं टाय रॉडचे एंड (स्टिअरिंगच्या रॉडचे सांधे) गेले, बदलले. मग चाकं बॅलन्स केली, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) बघितले, काही फरक नाही. शेवटी एका जुन्या मिस्त्रीनं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, गाडी उचललीय पण स्टिअरिंगचे रॉड होते तिथंच आहेत, ते आता तिरके झालेत, चाक वरखाली झालं की ते स्वतःच स्टिअरिंग फिरवतात. त्यात मी उंचीच्या हौसेनं शॅकलही (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या कड्या) लांब केल्या होत्या, त्यानं अ‍ॅक्सल पुढं कलला, कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागं असलेला कल, कमी झाला, म्हणजे गाडी सरळ धरायची तिची सवयच गेली. पाट्याखाली पाचर घालून कॅस्टर थोडा आणला, निम्मा त्रास गेला, पण निम्मा राहिलाच, आणि दीडशे किलोमीटर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायचं म्हणजे घरी आल्यावर खांदे भरून यायचे.

हेवी सेट एवढा ताठ का लागतो याचा हिशोब मला नंतर कळला. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनानं वाढतो. सहा मिलिमीटरचे पाटे सातचे केले की ताठरपणा थेट दीडपटीच्या वर जातो. तेच नऊ पाट्यांत त्याच जाडीचा दहावा घातला तर साधारण नवव्या हिश्श्यानं वाढतो, आणि माझ्या इंजिनाला तेवढंच पाहिजे होतं.

म्हणून दोन वर्षांनी तो सेट काढला, जुने पाटे कमानवाल्याकडून नीट वाक भरून घेतले आणि दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला, शॅकल परत मूळ मापाच्या. आता गाडी हेवी सेटएवढी रुबाबदार दिसत नाही, फुल लोडला ब्रेक मारला की नाक थोडं दबतं, पण कराडचे जॉइंट एका हातानं पार होतात.

यात पण भानगडी आहेतच. गॅसवर तापवून वाक देणाऱ्याकडं जाऊ नका, पोलादाचं पाणी उतरतं आणि सहा महिन्यांत पाटे परत सरळ. नव्या पाट्याचा वाक जुन्यांशी जुळला नाही तर सगळा भार एकट्यावर येतो आणि तो तुटतो. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या, शंभर-दोनशे किलोमीटरनंतर परत आवळा. आणि रबरी बुश असतील तर शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, माझे एकदा जॅकवर आवळले होते, पावसाळ्याच्या आत बुश फाटले.

तुमच्या गाडीला पुढं विंच असेल, जड बंपर असेल, किंवा गाडी रिकामी कधी फिरतच नसेल तर हेवी सेट घ्या बिनधास्त, मी नको म्हणणार नाही, फक्त स्टिअरिंगच्या रॉडचा कोन आधी तपासा. बाकीच्यांनी आधी एक पाटा वाढवून बघावा असं मला वाटतं, नाहीच पटलं तर हेवी सेट कुठं पळून जात नाही.

माझा तर गोठ्यात पडून होता. त्यातल्या एका पाट्याचा लोहाराकडून कोयता करून घेतलाय, धार काय टिकते त्याची!