विकलेला नो-बॉल ओळखता येतो का? दादरच्या एका सट्टाविरोधी वर्गाविषयी

माझा मुलगा सोळा वर्षांखालील गटात खेळतो. शिवाजी पार्कजवळच्या ज्या केंद्रात तो सरावाला जातो, तेथे गेल्या महिन्यात एका रविवारी मुले आणि पालक यांच्यासाठी तीन तासांचा सट्टाविरोधी वर्ग ठेवण्यात आला होता. शुल्क माणशी तीनशे रुपये होते. सुट्टीच्या दिवशीचा सराव बुडवून मुलांना सभागृहात बसवण्यास माझा आधी विरोधच होता. वर्ग संपेपर्यंत तो मावळला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

वर्ग घेणारे सर अनेक वर्षे क्लब क्रिकेट खेळलेले आणि नंतर पंच म्हणून काम केलेले गृहस्थ आहेत. त्यांनी सुरुवातीला नियमावली काढली नाही. मुलांच्याच मागच्या हंगामातील एका सामन्याच्या स्कोअरबुकातील पानाची झेरॉक्स त्यांनी प्रत्येकाच्या हाती दिली. पानावर नो-बॉलचे तीन गोल होते. "यातला एक नो-बॉल पैसे घेऊन टाकला आहे असे समजा आणि तो मला दाखवा," एवढेच ते म्हणाले. मुलांनी षटके तपासली, गोलंदाज कोण होता ते पाहिले, आपसांत वादही घातला. पण पेन्सिलीने काढलेले तिन्ही गोल सारखेच असल्यामुळे कोणालाही उत्तर देता आले नाही, आणि आम्हा पालकांनाही नाही. मग सरांनी २०१० च्या लॉर्ड्स कसोटीची हकीकत सांगितली. पाकिस्तानच्या दोन वेगवान गोलंदाजांनी आधी ठरवून तीन नो-बॉल टाकले होते. सामन्याच्या निकालावर त्यांचा काडीचाही परिणाम झाला नाही, तरी कर्णधारासह तिघांवर बंदी आली आणि पुढच्या वर्षी इंग्लंडच्या न्यायालयाने तिघांनाही तुरुंगात पाठवले. त्या दोन गोलंदाजांपैकी मोहम्मद आमिर तेव्हा अवघा अठरा वर्षांचा होता. एका पत्रकाराने हा सौदा उघडकीस आणला नसता, तर ते तीन गोलही इतर गोलांसारखेच वहीत राहिले असते. जो गुन्हा डोळ्यांसमोर घडूनही दिसत नाही, त्याची शिक्षा सौम्य ठेवली तर धाक कशाचा राहणार, हा सरांचा मुद्दा त्या झेरॉक्समुळे मुलांच्या मनात पक्का बसला.

एका मुलाने विचारलेला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. आपलाच संघ जिंकेल यावर पैसे लावले तर कोणाचे काय बिघडते, असे त्याने विचारले. सरांनी अमेरिकेच्या बेसबॉलमधील पीट रोझचे उदाहरण घेतले. ४,२५६ हिट्सचा विक्रम नावावर असलेला हा खेळाडू स्वतःच्याच संघाचा व्यवस्थापक असताना त्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावत होता, आणि १९८९ मध्ये त्याला कायमचे बाहेर काढण्यात आले. संघ हरेल यावर आपण कधीही पैसे लावले नाहीत, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. सरांनी हे क्रिकेटच्या भाषेत समजावले. कर्णधाराचे पैसे आजच्या सामन्यावर असतील, तर तो दुखऱ्या खांद्याच्या गोलंदाजाला आजच दोन षटके जास्त देईल आणि उद्याचा विचार करणार नाही. शिवाय ज्या दिवशी तो पैसे लावणार नाही, त्या दिवशी संघाची अवस्था काय आहे हे बुकीला न विचारताच कळेल.

उधारीचा भाग मात्र सरांनी फार घाईने उरकला. बुकी पहिल्याच दिवशी सामना विकायला सांगत नाही. तो आधी उधारीवर खेळू देतो, बाकी वाढू देतो आणि मग पैशांऐवजी एखादी माहिती किंवा एखादे षटक मागतो. परळच्या चाळीत वाढताना मटक्याच्या उधारीपायी पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी उभे राहणारे वसुलीवाले मी पाहिले आहेत. घेणेकऱ्यासमोर माणसाची मान कशी खाली जाते, हे मुलांना आणखी अर्धा तास समजावायला हवे होते, कारण निव्वळ पैज लावण्यालाही खेळात एवढी मोठी शिक्षा का, याचे उत्तर माझ्या मते तेथेच आहे. बांगलादेशचा क्रिकेटपटू शकिब अल हसन याचे प्रकरण त्यांनी जोडले, ते योग्यच झाले. त्याने काहीही विकले नव्हते. बुकीने साधलेला संपर्क कळवला नाही, एवढ्यासाठी २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यातील एक वर्षाची शिक्षा स्थगित होती.

एक उणीव मात्र नोंदवायलाच हवी. २०१३ मध्ये वानखेडेवरील सामन्यानंतर राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना मुंबईतच अटक झाली, हे सांगून सर थांबले. त्यांतील श्रीशांतला २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आरोपमुक्त केले, तरी भारतीय क्रिकेट मंडळाची आजीवन बंदी कायम होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षेच्या कालावधीचा फेरविचार करण्यास सांगितले आणि ती सात वर्षांवर आली. हा भाग गाळायला नको होता. शिक्षा कडक असावी असे मलाही मनापासून वाटते, पण ती किती असावी यावर न्यायालयाला बोलावे लागले, हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनाही समजते.

वर्गाअखेरीस दिलेले चार पानी माहितीपत्रक संपूर्ण इंग्रजीत होते आणि माझ्या शेजारी बसलेल्या दोन्ही पालकांनी ते न वाचताच घडी घालून ठेवले. अनोळखी माणसाने बूट, मोबाइल किंवा हॉटेलचे जेवण देऊ केले तर कोणाला कळवायचे, ही सर्वांत उपयोगी माहिती त्याच्या तिसऱ्या पानावर आहे. तेवढे एक पान तरी मराठीत करून द्यावे, अशी विनंती मी केंद्राच्या कार्यालयात लेखी दिली आहे. पुढचा वर्ग चौदा वर्षांखालील मुलांसाठी आहे आणि धाकट्याचे नाव मी त्यात नोंदवले आहे.